कोरडा ठेवलेला कॉम्प्युटर

एसएमपीएस म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे घोडं अडेल. कॉम्प्युटरच्या डब्यात मागे, वरच्या कोपऱ्यात, एक पत्र्याचा खोका असतो. भिंतीतल्या प्लगची वीज तो घेतो आणि आतल्या प्रत्येकाला झेपेल तेवढी वाढतो. त्याचा स्वतःचा पंखा असतो, तो गरम हवा बाहेर फेकतो. एवढंच त्याचं काम. दिसायला त्यात काही नाही, म्हणून कमी पैशात कॉम्प्युटर बांधणारा माणूस सगळ्यात आधी तिथे हात आखडता घेतो. मीही घेतला. त्याची लाज मला वीस वर्षं झाली तरी वाटते, आणि ती वाचवलेल्या पैशांची लाज नाही.

हे दोन हजार दोन-तीनच्या सुमाराचं. रत्नागिरीत आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. वडील सरकारी ऑफिसात क्लार्क होते. मी चार वर्षांची असताना ते गेले आणि त्यांच्या जागी आईला घेतलं. याला सरकारी भाषेत अनुकंपा म्हणतात. शब्द किती गोड आहे बघा. ऑफिसात नवीन साहेब आला की ओळख करून देताना कोणीतरी हमखास सांगायचं, "ह्या बाई अनुकंपावर लागलेल्या." अठरा वर्षं झाली तरी सांगायचे. कुठलाही जुना कागद तिच्याशिवाय कोणाला सापडायचा नाही, साहेब लोक तिने लिहिलेल्या टिपणीवर डोळे मिटून सही करायचे, पण ओळख तीच. जसं काही तिचं आडनावच ते.

त्या वर्षी हेड क्लार्कची खुर्ची रिकामी होणार होती आणि नंबर आईचा होता. पण तेव्हा नवीनच टूम निघाली होती की कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नाही. आई एकदा बसून नापास झाली होती. क्लासमध्ये एका मशीनवर तिघं बसायचे आणि माउस कायम एखाद्या विशीतल्या पोराच्या हातात. आईने तीन महिन्यांत तो दोनदा धरला असेल. आता शेवटची परीक्षा गणपतीनंतर होती, आणि बढतीची यादी त्यानंतर लगेच लागायची होती. आई पास नाही झाली तर खुर्ची तिच्या खालच्या एका मुलाला जाणार होती. त्याला टिपणी लिहायला तिनेच शिकवलं होतं.

ती कधी काही मागायची नाही. पण त्या एप्रिलमध्ये भात उकरता उकरता म्हणाली, "नोकरी मला तुझे वडील गेले म्हणून मिळाली गो. ही खुर्ची तरी माझ्या कामाची असू दे." मी ताटावरून मान वर केली नाही.

मी तेव्हा हार्डवेअरचा कोर्स करत होते. वर्गात चौदा मुलगे आणि मी एकटी. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की कोणीतरी खाकरायचंच. मग मी काय म्हटलं असेल? म्हटलं, आई, मी घरी कॉम्प्युटर बांधते, तू रोज संध्याकाळी एक तास बस, बघू कशी पास होत नाहीस. माझा तोरा असा की विचारू नका.

बाजारपेठेत एका जिन्याखाली पार्ट विकणारे एक काका बसायचे. जुना बोर्ड, जुना मॉनिटर, कॅबिनेट सगळं त्यांच्याकडेच मिळालं. प्रोसेसर मी स्वस्तातला पण वेगाला चांगला असा निवडला होता. तो काकांनी कपाटातून काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर कोणी आलंय का?"

"मीच आलेय."

"तसं नाही, घरातलं कोणी पुरुष माणूस?"

"नाही घरात," मी म्हटलं. काका जरा वरमले, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच होत्या. मग त्यांनी दोन एसएमपीएस काढले. एक करडा, ओबडधोबड, त्याच्यावर अडीचशे वॅट लिहिलेलं. दुसरा चकचकीत, त्याच्यावर चारशे, आणि वर स्वस्त. दोन्ही त्यांनी माझ्या दोन हातांत दिले. "शहाळं घेताना वजन बघतेस ना? तसं बघ. आत तांबं असलं की हाताला लागतं. हा चारशेवाला म्हणजे पोकळ आहे."

"मग चारशे का लिहिलंय?"

"लिहायला काय जातंय," काका म्हणाले. मग म्हणाले, "हा प्रोसेसर तापट आहे हो, याला तांब्याच्या बुडाचा हीटसिंक घे, आणि कॅबिनेटला मागे एक पंखा लावून घे. आणि एसएमपीएस हा करडा घे. तुला कळायचं नाही आता, पण घे."

तुला कळायचं नाही. हे तीन शब्द त्यांनी गिळले असते तर पुढचं काही झालं नसतं, असं मी कितीतरी वर्षं मनाला सांगत आले. पण ते खरं नाही. दोन्ही खोके माझ्याच हातात होते. करड्याचं वजन मला कळत होतं, चांगलं मनगटाला लागत होतं. मी चकचकीत घेतला. प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा तो हीटसिंक साधा अॅल्युमिनियमचा घेतला. आणि मागचा पंखा नको म्हणून वर शहाणपणा शिकवला, की आमचं घर समुद्राकडे आहे, पंखा लावला तर सगळी खारी हवा डब्यातून फिरेल आणि बोर्ड सहा महिन्यांत गंजेल. काका डोकं खाजवत राहिले. म्हणाले, "तेही आहेच."

कारण ते होतंच. आमच्या घरात खिडकीचे गज, कड्या, सायकलची चेन, ट्रान्झिस्टरमधल्या स्प्रिंगा, सगळ्याला गंज धरायचा. पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यांवर, माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर बुरशी. म्हणून आमच्याकडे घरोघरी कपाटात बल्ब असतो. चाळीसचा एक बल्ब आतल्या बाजूला लटकवायचा आणि जूनपासून गणपतीपर्यंत दिवसरात्र पेटता ठेवायचा, म्हणजे रेशमी साड्या आणि कागदपत्रं कोरडी राहतात. यात मला काही विशेष वाटायचं नाही. ऊब म्हणजे कोरडं आणि कोरडं म्हणजे टिकाऊ, हे मी दूध पिताना शिकले असेन. कोर्सच्या पुस्तकात लिहिलं होतं की कॉम्प्युटर मोकळ्या हवेत, थंड जागी ठेवावा. मी ते वाचून हसले. म्हटलं, लिहिणाऱ्याने आमच्याकडचा श्रावण बघितलेला नाही.

जोडणी मीच केली. टेबलावर, कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून, दोन तास चालवून बघितला. झकास चालला. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये एक पेस्ट लावतात, तिचा अगदी पातळ हात द्यायचा असतो. मी भाकरीवर लोणी फासावं तशी फासली होती, पण तेव्हा कळलं नाही. मग मृगाच्या आधी मी कपाटाचा खालचा खण रिकामा केला, कॅबिनेट आत ठेवलं, वायरींपुरतं भोक पाडलं, मागच्या जाळीवर आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा दुहेरी तुकडा बांधला आणि शेजारी चाळीसचा बल्ब लावला. दार बंद. मॉनिटर आणि कीबोर्ड तेवढा बाहेर टेबलावर. आईने दार किलकिलं करून आत हात घातला. "छान कोरडं आहे गो," म्हणाली, "कशी ऊब धरलीये." मला एवढा अभिमान वाटला. रत्नागिरीत कॉम्प्युटर कसा ठेवावा ते मला एकटीलाच कळलं असं वाटत होतं.

आई सहाला ऑफिसातून यायची. हातपाय धुवायची, देवाजवळ दिवा लावायची, चहासुद्धा न घेता मशीनसमोर बसायची. तिसऱ्या संध्याकाळी ती अर्जाचा नमुना टाइप करत होती. मी स्वयंपाकघरात होते. खट्ट असा आवाज आला आणि मग काहीच नाही.

मी बाहेर आले. स्क्रीन काळा, आईचे दोन्ही हात कीबोर्डच्या वर अधांतरी. माझे पहिले शब्द होते, "काय दाबलंस?"

"काही नाही. एस दाबला."

"एस दाबून बंद पडत नाही मशीन."

"मग दुसरं काहीतरी दाबलं गेलं असेल," आई म्हणाली. दोन वाक्यांत तिने गुन्हा कबूल केला आणि मी तो लिहून घेतला.

मग ते रोजचं झालं. बसायची, पंधरा-वीस मिनिटं चालायचं, खट्ट. मी दिवसा बसले की काही व्हायचं नाही, कारण मी दहा मिनिटं बसायचे आणि उठायचे. सलग तासभर बसणारी घरात ती एकटीच होती. शिवाय संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूब लुकलुकत राहायची. मी हे सगळं एकत्र मांडून बघायला हवं होतं, शिकत होते ना हार्डवेअर. पण माझ्या डोक्यात एकच, की मी जोडलेलं मशीन माझ्या हाताखाली चालतं आणि आईच्या हाताखाली बंद पडतं, म्हणजे खोट कुठे आहे? मी तिला बोलले. खूप बोलले. "इतकी वर्षं टाइपरायटर बडवलास, म्हणून आपटतेस बटणं." "लक्ष कुठे असतं तुझं?" एकदा तर म्हणाले, "तुझ्याच्याने नाही होणार आई." ती चष्मा पुसत बसली. म्हणाली, "होईल गो. सवय नाही म्हणून."

तिने काय काय केलं ते आठवलं की मला अजून डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. हाताला घाम येतो म्हणून बसण्याआधी तळव्यांना पावडर लावायला लागली. मनगटातलं घड्याळ काढून ठेवायला लागली, धातूमुळे होत असेल म्हणून. मासे आणले तर त्या दिवशी लिंबाने दोनदा हात धुवायची. आणि क्लार्क ती, तिने नोंद ठेवायला घेतली. दुरेघी वही, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, बसले तेव्हाची वेळ, बंद पडला तेव्हाची वेळ, शेवटचं दाबलेलं बटण. एंटर. शिफ्ट. त. माउस उजवीकडे. स्पेस. तिला वाटत होतं की कुठलं तरी एक बटण आहे जे तिच्याकडून चुकीचं दाबलं जातं, आणि नोंद नीट ठेवली तर ते सापडेल. ऑफिसात हरवलेला कागद ती असाच शोधायची.

श्रावणात मावशीच्या गावी, पावसला, मंगळागौर होती. आई दोन दिवस गेली. मला कोर्ससाठी एक मोठा तक्ता करायचा होता, म्हणून मी पहिल्यांदा सलग बसले. वीस मिनिटं झाली आणि खट्ट. मी कीबोर्डला हातसुद्धा लावलेला नव्हता, छापील कागद वाचत बसले होते. परत चालू केला. बारा मिनिटं. परत केला. सात.

कपाटाचं दार उघडलं तर आतून भपकारा आला. कॅबिनेटवर हात ठेवला आणि उचलला, इतका तापला होता. मलमलच्या तुकड्यावर धुळीचा थर बसून तो जाडजूड झाला होता. एसएमपीएसच्या पंख्याने फेकलेली गरम हवा त्या तुकड्यावर आपटून परत आत येत होती, बाजूला बल्ब जळत होता, आणि वीज उतरली की तो पोकळ खोका जीव टाकत होता. मग मी आईची वही काढली. शेवटच्या रकान्यात रोज वेगळं बटण होतं. पण मधल्या दोन रकान्यांतल्या वेळांमधलं अंतर रोज जवळजवळ तेच. सतरा मिनिटं, वीस, अठरा, एकवीस, पावसाने गारवा असेल त्या दिवशी पंचवीस. सगळं तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, दोन महिन्यांचं. तिने उत्तर लिहून ठेवलं होतं आणि ती चुकीचा रकाना बघत होती, कारण चूक बटणातच आहे असं मी तिला सांगितलं होतं.

मी वही होती तशी ठेवून दिली.

तेव्हा सांगायला हवं होतं. आई, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं, एवढंच. पण मला ते तोंडातून निघेना. ते चौदा मुलगे, जिन्याखालचे काका, कोणी पुरुष माणूस आहे का, हे सगळं आडवं आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मी तिला दोन महिने बोलले होते. आता मागे फिरायचं म्हणजे त्या प्रत्येक शब्दावरून चालत मागे जायचं. बाविशीत एवढी हिंमत माझ्यात नव्हती. आजही आहे की नाही माहीत नाही.

मी फडका काढला. बल्ब काढला आणि आई आल्यावर सांगितलं की उडाला. पेस्ट पुसून पातळ लावली, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, समोर टेबल फॅन लावला. दिवसा मशीन छान चालायला लागलं. संध्याकाळी मात्र वीज उतरली की खट्ट, ते चालूच राहिलं. तो करडा एसएमपीएस काकांच्या फळीवर तसाच पडलेला मला जाता-येता दिसायचा. पाच मिनिटांचं काम होतं. पण काका म्हणाले असते, सांगितलं होतं ना? मग मी शेजारच्या काकूंना सांगितलं की गणपतीला त्यांचे जावई मुंबईहून येतील तेव्हा त्यांना एक आणायला सांगा, वजनदार बघून. गणपतीला अठरा दिवस होते. परीक्षेला एक महिना.

त्या अठरा दिवसांत मी आईला एक नियम घालून दिला. दहा मिनिटं टाइप करायचं, मग हात मांडीवर घेऊन पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, म्हणजे मशीनला दम खाता येतो. "तू सलग रेटतेस ना, म्हणून बंद पडतं," मी म्हटलं. हे मी सगळं कळल्यावर म्हटलं. तिने मान हलवली आणि टेबलावर गजराचं घड्याळ आणून ठेवलं. दहा मिनिटं झाली की शब्द अर्धा असला तरी हात उचलायची. व्रत पाळावं तसं पाळलं तिने. कधी कधी पाच मिनिटं बसलेली असताना तिच्याकडे बघवायचं नाही मला. मी आत निघून जायचे.

एसएमपीएस आला. चांगला शहाळ्यासारखा जड होता. गौरी जेवल्या त्या दिवशी मी तो बसवला, आई आरतीला शेजारी गेलेली असताना, आणि मागचा पंखाही लावला. संध्याकाळी ती बसली. ट्यूब लुकलुकत होती, मॉनिटरवरचं चित्र जरा आक्रसलं, पण मशीन चालत राहिलं. एक तास झाला. आईने दर दहा मिनिटांनी हात उचलले, पाच मिनिटं थांबली, परत लागली. शेवटी उठली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला बोलावंच लागलं. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "बघ, बसला की नाही तुझा हात आता."

ती लहान मुलीसारखी हसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सगळ्यांना सांगितलं की आता माझ्या हातून बंद पडत नाही.

परीक्षा सकाळी होती. केंद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी तिला दारापर्यंत सोडलं. तिने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, मी म्हटलं, ठेव की, ती म्हणाली, नको, भिंतीवर असेलच. सगळा अभ्यास झाला होता तिचा. पत्र, तक्ता, फाइल कुठे ठेवायची, कशी शोधायची, सगळं तिला येत होतं. मी जिन्यात बसले. मनातल्या मनात तिच्या टेबलावर हेड क्लार्कची पाटीसुद्धा ठेवून झाली माझी.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि आई बाहेर आली.

"काय झालं?"

"बंद पडला," ती म्हणाली. "मी नियम पाळला गो, दहा मिनिटं झाल्यावर हात काढून बसले होते, तरी बंद पडला. मी सरांची माफी मागितली आणि ते काही म्हणायच्या आत उठून आले. कोणाचं तरी मशीन बिघडवलं मी."

मी तिला तिथेच ठेवून आत घुसले. तिच्या जागेवरचा स्क्रीन काळा होता. खाली कॅबिनेटवर हिरवा दिवा लागलेला. मी माउसला हात लावायला गेले तर तिथले सर आडवे आले, आणि मग त्यांनी स्वतःच तो हलवला. पाचव्या प्रश्नाचं पान समोर आलं. वरच्या चार प्रश्नांची उत्तरं तिने लिहिलेली. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही तर तिथले मॉनिटर आपोआप काळे व्हायचे, वीज वाचवायला. बाकी मशीन चालूच होतं आणि परीक्षेची वेळही चालूच होती. पाऊण तास शिल्लक होता. मी हातापाया पडले. सर वाईट नव्हते, त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. पण उमेदवार स्वतः उठून बाहेर गेला की परत आत घेता येत नाही, आणि आता तर बाहेरची मुलगी आत आलेली सगळ्यांनी बघितली होती. मी आवाज चढवला तेव्हा आईने दारातून हाक मारली. "चल. त्यांना कशाला बोलतेस? माझ्या हातून झालं."

आम्ही चालत निघालो. ती म्हणाली, "तो काळा झाला, तेव्हा काय करायला हवं होतं?"

"माउस हलवायला."

"नुसता हलवायचा?"

"हो."

"एवढंच होतं?" ती म्हणाली. मी रस्त्यातच रडायला लागले, माणसं बघत होती तरी. आणि त्या रडण्यात सगळं सांगून टाकलं. हलका एसएमपीएस, फडका, बल्ब, तिची वही, पावसला गेली होती तेव्हा काय कळलं ते, दम खायचा नियम मी कशासाठी काढला ते, हात बसला म्हटलं ते खोटं होतं ते. काही ठेवलं नाही. तिने एकदाही थांबवलं नाही. घरी आलो, तिने कुलूप काढलं, पदर खोचला आणि तांदूळ धुवायला घेतले. मला वाटलं आता ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवताना तिने मला आमटी वाढली आणि म्हणाली, "मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी काय ऑफिसात जाऊन सांगणार होते का गो, की माझ्या मुलीला मशीन जोडता आलं नाही म्हणून? मी म्हटलं असतं, माझ्याच हातून बिघडतं. सगळ्यांना तेच सांगितलं असतं. फक्त मला ठाऊक असायला हवं होतं."

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. त्या मुलाने खुर्चीचा ताबा घेतला त्या सोमवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर गेली. जुन्या फायली कुठल्या कपाटात आहेत ते त्याला दाखवायचं होतं.